बापाचं काम

६ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी फिरून आलो. कोमट पाणी, बी.पी.ची गोळी. साडेनऊ वाजले तरी मंदार उठलेला नव्हता. नेहमीचंच. दाराशी उभा राहून म्हणालो, "काय ठरलं?" मग पेपर घेऊन बसलो.

दुपारी मात्र तो स्वतःहून माझ्या खोलीत आला. वर्षभरात असं झालेलं आठवत नाही. बसला नाही. "बाबा, एक काम होतं." मला वाटलं कुठला तरी फॉर्म, सही वगैरे. तर म्हणे त्यांच्या नाटकात बापाचं काम करणारे बँकेतले गृहस्थ बदली होऊन गेले. स्पर्धा दोन महिन्यांवर. दुसरं कोणी मिळत नाही. तुम्ही कराल का?

म्हणालो, "छत्तीस वर्षं डेपोत कारकुनी केली. मला कोण बघणार?"
"तसाच माणूस हवाय."

स्वयंपाकघरातून सुमन हसली. विचार करून सांगतो म्हणालो.

मंदारला तेहेतीस पूर्ण. सरकारी नोकरीच्या परीक्षेचे सगळे प्रयत्न संपून तीन वर्षं झाली. आणि नाटक करतोय, तेही विनोदी.

७ ऑक्टो., मंगळ.
नाटक वाचलं. मं.नेच लिहिलंय. नाव 'आम्ही खाली येत नाही'. तिशी ओलांडलेले तिघे मित्र. एका लग्नात जो तो विचारतो, तुमचं कधी, नोकरीचं काय. वैतागून तिघे गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसतात, ते उतरतच नाहीत. गाद्या वर नेतात. बादलीला दोरी बांधून चहा वर ओढून घेतात. त्यातल्या एकाचा बाप खाली जिन्याशी उभा. तो बादलीत आधी चहा ठेवतो, मग नोकरीचे अर्ज, मग मुलींचे फोटो.

बापाला सबंध नाटकभर मुख्य वाक्य एकच. "काय ठरलं?" एकोणीस वेळा आहे, मोजलं.

पानं खाली ठेवली. सु. भाजी निवडत होती. तिला विचारलं, मी असं म्हणतो का? म्हणाली, "रोज. चहाच्या आधी."

राग आला होता. वाचताना दोन ठिकाणी हसू आलं होतं, तेही इथे लिहून ठेवतो.

११ ऑक्टो., शनि.
हो म्हणून टाकलं. का, ते माहीत नाही. घरात बसून तरी काय करतो.

पहिली तालीम. भिंगारमधल्याच एका शाळेचा हॉल, संध्या. सहा ते आठ. बाक सरकवून जागा केलेली. टेबलावर स्टूल म्हणजे गच्ची. गच्चीवर तिघे: मं., शेखर आणि इरफान. शेखर सोनईकडचा, घरची शेती, इथे भावाच्या मोबाईल दुकानात बसतो. इरफान बेकरीवाल्यांचा धाकटा. त्याचं लग्न झालंय, दोन वर्षांची मुलगी आहे, तरी रोज तालमीला पहिला हजर.

पहिलंच वाक्य इतकं हळू म्हणालो की शेखर वरून म्हणाला, "काका, आमच्या बापाचा आवाज शेजारच्या वस्तीवर जातो. तुमी तर देवळात आल्यावानी बोलताय."
सगळे हसले. मीही.

१६ ऑक्टो., गुरु.
पाठांतर होत नाही. सु. पुस्तक धरून बसते, मी चुकलो की डोळे मोठे करते.

मं. वेगळाच दिसतो तिथे. घरी प्रश्न विचारला तर एका शब्दात उत्तर. तिथे दोन-दोन तास उभा. प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो, चिडत नाही. मी एकच हालचाल सात वेळा चुकलो. सातव्यांदाही म्हणाला, "बाबा, घाई नको. परत जिन्यापासून या."
मी त्याला गणित शिकवताना तिसऱ्या चुकीला पट्टी उचलत असे.

२४ ऑक्टो., शुक्र.
दिवाळी संपली. भाऊबिजेला सु.चे दोन्ही भाऊ सहकुटुंब. जेवताना धाकट्याने विचारलंच, "मंदारचं काय चाललंय सध्या?" मं.ने पोळी मोडली आणि पाणी आणायला उठला तो परत आला नाही. पान तसंच.

मी काहीतरी बोललो. प्रयत्न चालू आहेत. कदमांना सांगून ठेवलंय. हे खरंच आहे. कदम माझ्या बरोबरीचे, माझ्यानंतर वर्षभराने निवृत्त. त्यांचे साडू जामखेडला एका कॉलेजात कार्यालय बघतात. तिथे कारकुनाची जागा निघणार आहे असं दोन वर्षं ऐकतोय. दर महिन्याला आठवण करून देतो. नंबर माझा दिलाय, मं. फोन उचलत नाही म्हणून.

पाहुणे गेल्यावर गच्चीवर गेलो. मं. टाकीला टेकून बसला होता. म्हणजे हेही खरंच आहे. मी तसाच खाली आलो.

३ नोव्हें., सोम.
आज शेवटचा प्रवेश बसवला. त्यात बापाला बोलणं नाही. चहाचा कप बादलीत ठेवायचा आणि वर बघायचं. बादली वर जाते. पडदा.

विचारलं, "वर बघून करायचं काय?"
"काही करू नका. फक्त बघा."
"किती वेळ?"
"मी बस म्हणेपर्यंत."

बघत राहिलो. टेबलावरच्या स्टुलावर तो बसलेला. दाढीत कानाजवळ पांढरे केस आलेत. डाव्या भुवईवरचा व्रण, चौथीत सायकलवरून पडला होता तो. एवढा वेळ त्याच्याकडे कधी बघितलेलं नाही. बघायला लागलो की काहीतरी बोलायचं असतं आणि बोललं की तो मान वळवतो. आज वळवता येत नव्हती, नाटकात तसं होतं.

"बस," म्हणाला. इरफान म्हणाला, "काका, हे असंच ठेवा."

रिक्षाने न येता चालत आलो घरी, दोघे. बरोबरीने चालत होतो.

९ नोव्हें., रवि.
हे लिहायला लाज वाटते. दुपारपासून घड्याळाकडे लक्ष असतं, सहा कधी वाजतात. निवृत्त झाल्यापासून असं कशाची वाट बघितली नव्हती. आरशासमोर उभा राहून वाक्यं म्हणतो. सु.ने काल पाहिलं, दार लोटून घेतलं.

शेखर, इरफान पाया पडून आत येतात, काका काका करतात. कपडे कसे घालू विचारलं तर तिघे तीन मतं देतात. डेपोत साहेब मला 'ओ टेबल नंबर चार' म्हणायचे.

"काय ठरलं?" आता एकोणीस तऱ्हांनी म्हणता येतं. घरी म्हणायचं बंद झालंय, हे परवा सु.ने लक्षात आणून दिलं.

१४ नोव्हें., शुक्र.
शेखर उशिरा आला. तोंड उतरलेलं. नेवाशाकडे मुलगी बघायला गेला होता, चौथी. चहा पीत सांगत होता, "पोरगी बोलली, शेती करणारा नको आन दुकानात भावाच्या हाताखाली असनारा तर न्हाईच. खरं बोलली, काका. मला लई आवडली त्याच्यामुळंच."

मं. म्हणाला, वाक्य नाटकात घेऊ का? शेखर म्हणाला, घे. घेतलं. तालमीत त्याने ते म्हटलं आणि आम्ही सगळे खो खो हसलो, तोही. मग इरफानकडे पाठ करून बाटलीतलं पाणी प्यायला, बराच वेळ.

इरफानची बायको आज हॉलच्या फाटकापर्यंत आली होती मुलीला कडेवर घेऊन. ताप होता पोरीला. तो तसाच गेला. जाताना मं.ला म्हणाला, "तू तरी वरच बस." कोणी हसलं नाही.

२५ नोव्हें., मंगळ.
सकाळी अकराला कदमांचा फोन.
जामखेडची जागा निघाली. साडूंनी शब्द टाकलाय. एक तारखेला रुजू. कॉलेजची तपासणी यायचीय, त्यामुळे सुरुवातीला महिनाभर तिथेच राहावं लागेल, सुट्टी मागायची नाही. उद्या बारापर्यंत नक्की सांगा.

"मुलाला विचारून सांगतो," म्हणालो.
"विचारायचं काय त्यात, दोन वर्षं तुम्हीच मागे लागलाय," कदम म्हणाले. हसत होते. मीही हसलो.

प्रयोग नऊ तारखेला.

मं. आंघोळ करून बाहेर आला. अंगात बऱ्याच दिवसांनी इस्त्रीचा शर्ट. नेपथ्यासाठी फळ्या बघायला निघाला होता. विचारलं, "कोणाचा फोन?"
"कदमांचा. सहजच."

तोंडातून गेलं ते गेलं. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी तालीम पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता झाली. संपल्यावर मं. स्टुलावरून उडी मारून उतरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर.
सांगितलं नाही.

२६ नोव्हें., बुध.
साडेअकराला मीच कदमांना फोन केला. मुलगा सध्या दुसरीकडे गुंतलाय म्हणालो, दहा तारखेनंतर आला तर चालेल का?
"नाही चालणार. दुसरीकडे म्हणजे, लागलाय का कुठं?"
"तसंच समजा."
"मग चांगलंच झालं की. कळवायचं तरी. पुतण्याला सांगतो मग माझ्या, तो बसूनच आहे."
"सांगा," म्हणालो.

एवढंच बोलणं. दोन मिनिटंसुद्धा नाही.

फोन ठेवून वळलो तर सु. स्वयंपाकघराच्या दारात. हात पिठाचे. बघितलं माझ्याकडे आणि आत गेली. पोळ्या लाटायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

२७ नोव्हें., गुरु.
विचार करून लिहितो. त्याला विचारलं असतं तर नाटक सोडून गेला असता का? बहुतेक नाही म्हणाला असता. मग वाद. मग प्रयोगापर्यंत घरात अबोला. त्यापेक्षा हे बरं. नोकऱ्या काय, आणखी निघतील. दहा वर्षांत पहिल्यांदा पोरगं सकाळी सातला उठतंय.

वर लिहिलेलं परत वाचलं. सगळं बरोबर आहे आणि खोटं आहे. मला तो प्रयोग हवा होता. मला.

३ डिसें., बुध.
सु. माझ्याशी कामापुरतं बोलते. पुस्तक धरायला बसत नाही, पाठ झालंय ना म्हणते.
तालीम बरी. मी एकदा वाक्य विसरलो.

८ डिसें., सोम.
फळ्यांची गच्ची उभी राहिली. खरी वाटते. टाकी इरफानने बेकरीतल्या जुन्या पिंपांची केलीय. दोरी, बादली. शेखरने बादलीवर मं.चं नाव घातलंय, भांड्यांवर घालतात तसं.

मं.चा घसा बसलाय. सु. हळद-दूध करून देत होती. त्याने घेतलं आणि म्हणाला, "आई, उद्या ये हं." ती म्हणाली, "येणारच की." माझ्याकडे न बघता.

१० डिसें., बुध.
काल प्रयोग झाला. काल लिहिण्यासारखा नव्हतो.

दुपारचा प्रयोग, नगरला. तिसरी घंटा झाली तेव्हा विंगेतून बघितलं, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. पुढच्या रांगेत तीन परीक्षक. मागे शेखरचे गाववाले आठ-दहा, इरफानच्या घरचे, सु. एकटी कडेच्या खुर्चीत.

पहिल्या अंकात हशे आले. बादलीला चांगले आले. दुसऱ्या अंकात काय झालं कळत नाही. लोक हसेनासे झाले. शेखरचं मुलीबद्दलचं वाक्य, ज्याला आम्ही लोळून हसायचो, त्याला अगदी शांतता. नंतर मागून त्याच्याच गावचा कोणीतरी जोरात म्हणाला, "खरंय की." शेखर त्यानंतर वाक्यं नुसती म्हणत गेला. इरफानने एक प्रवेश गाळला, सुधारताना मं.चा तोल गेला, घसा पार बसला. त्याचं बोलणं चौथ्या रांगेपर्यंत गेलं नसेल.

माझ्या "काय ठरलं?"ला मात्र टाळ्या. दर वेळेला. वर ती तिघं बुडत होती आणि मी खाली टाळ्या घेत होतो. थांबवता येत नव्हतं. खरं लिहायचं तर थांबवावंसं वाटतही नव्हतं.

शेवटी वर बघितलं. मं. बस म्हणणार नव्हता, प्रयोगात म्हणत नाहीत. बादली वर गेली. त्याने कप उचलला. मला तेव्हा जामखेड आठवलं. डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांना अभिनय वाटलं असणार.

मेकअप पुसताना मं. म्हणाला, "बाबा, तुम्ही छान केलंत." एवढंच. मग फळ्या काढायला गेला.

१९ डिसें., शुक्र.
निकाल. नाटक कुठेच नाही. लेखन, दिग्दर्शन, काही नाही. यादीत खाली एक नाव. अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, माझं.

इरफान मोबाईलवर बघून सांगायला आला, पेढे घेऊन. पाया पडला. मं. बाहेर आला, त्यानेही हात पुढे केला. हात मिळवला आम्ही, परके मिळवतात तसा. पेढा खाल्ला त्याने. खोलीत गेला.

संध्याकाळी सु. बोलली शेवटी. मी दिवा लावत होतो.
"ते प्रमाणपत्र आलं की भिंतीवर लावू नका."
"नाही लावणार."
"आणि त्याला सांगा. मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तो तुमच्याकडे परत कधी बघायचा नाही."
"आणि मी सांगितलं तर?"
"ते मला माहीत नाही."

२३ डिसें., मंगळ.
मं. दहा वाजता उठला. परत सगळं पूर्वीसारखं. फक्त मी दाराशी जात नाही.

२७ डिसें., शनि.
शेखर निरोप घ्यायला आला. पुण्याजवळ एका गोदामात कामाला लागतोय, खोके मोजायचं काम, बारा तास. गावच्या एकाने लावून दिलं. चपला बाहेर काढून ओट्यावरच बसला, आत येईना.

"काका, चुकलं आमचं. तुमाला बक्षीस भेटलं पन नाटक पडलं."
म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही.
"न्हाई, म्या दुसऱ्या अंकात सोडून दिलं. आमच्या गावच्या त्यानं 'खरंय की' म्हटलं ना, तवाच वाटलं, आपन हितं काय करतोय. हे तर हसायचं न्हाईच."

मं. त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेला. लगेच येईल म्हटलं तर दोन तासांनी आला. जेवताना सांगत होता, आपणहून: इरफान म्हणे यापुढे यायचा नाही, वडिलांनी दुसऱ्या दुकानाची चावी दिलीय हातात. "संपलं आमचं," म्हणाला. दुःखाने वगैरे नाही, भाजी वाढ म्हणावं तसं.

ग्रुप त्याने बंद केलाय. सामान शाळेत पडलंय, ते उचला असा शिपायाचा निरोप.

४ जाने., रवि.
सकाळी चहाला मं. समोर येऊन बसला. आंघोळ झालेली. कपाला हात न लावता म्हणाला, "बाबा, एक विचारू?"
"विचार की."
"कदमकाकांना तुम्ही जामखेडचं सांगून ठेवलं होतं ना? ते काय झालं? परत एकदा विचाराल का? कारकुनीही चालेल. काहीही चालेल. तिथे राहायला लागलं तरी जाईन."

दहा वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघितली. त्याच्या तोंडून, त्याच्या आवाजात, न विचारता.

सु.च्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं.

"विचारतो," म्हणालो.

७ जाने., बुध.
विचारलं का, म्हणाला. कदम फोन उचलत नाहीत म्हणालो. मी लावलाच नव्हता.

"मग आपण जाऊनच येऊ. रविवारी. सावेडीत राहतात ना? मीही येतो बरोबर, नुसतं तुम्हाला पुढं करणं बरं नाही दिसत."

गेलो की कदम पहिलं वाक्य काय बोलतील ते मला तोंडपाठ आहे. अरे, तू तर लागला होतास ना कुठंतरी? पुतण्याला चिकटवला मग मी तिथं.

सु. रात्रीची भाकरी थापत म्हणाली, "रविवारच्या आधी."

८ जाने., गुरु.
नाही जमलं. तो घरी नव्हता, छायाप्रती काढायला नगरला.

९ जाने., शुक्र.
संध्याकाळी ठरवून त्याच्या खोलीत गेलो. शर्टाला इस्त्री करत होता. खाटेवर मार्कशीटा एकावर एक, दहावीपासूनच्या. नाटकाच्या वह्या पोत्यात भरून कोपऱ्यात, रद्दीला.

"ह्या ठेव," म्हणालो.
"कशाला?"
"चांगलं लिहिलं होतंस."
इस्त्री फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाही हो बाबा. तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर होतं. मीच वेळ घालवला. तुम्ही तरी दोन वर्षं त्या कदमकाकांच्या मागे लागून राहिलात. मी कधी विचारलंसुद्धा नाही."

तोंड उघडलं होतं मी. शब्द जुळवून गेलो होतो, आदल्या दिवसापासून. पण त्याने असं म्हटल्यावर...

बाही नीट कर म्हणालो. आलो.

१० जाने., शनि.
बी.पी. वाढलंय. डॉक्टर म्हणाले, मनाला काही लावून घेतलंय का? नाही म्हणालो. गोळी बदलून दिली.

पोतं अजून कोपऱ्यातच आहे. मं. बाहेर गेल्यावर त्यातली एक वही काढून घेतली, माझ्या कपाटात ठेवली. उघडून बघितली नाही. थोड्या वेळाने पुन्हा पोत्यात टाकली. आता असल्या वस्तू आपल्याकडे असण्याचा मला काय हक्क...

सु.शी बोललो. सांगतो म्हणालो, वाटेत सांगतो, गाडीवर. समोर नसलं की सांगता येईल. ती म्हणाली, "गाडीवर त्याला ऐकू यायचं नाही." तेही खरंच.

११ जाने., रवि. सकाळ
पहाटेपासून जागा. मं.ची दाढी झालीय, मिशी बारीक केलीय. वीस-बावीसचा दिसतोय. सु.ने फाइल पिशवीत घातली, वर पेढ्याचा पुडा, रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून.

नवाच्या सुमाराला मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर माझा मोबाईल जागेवर नव्हता. मं. अंगणात बोलत होता. "हो काका. हो. नाही, घरीच आहेत." मग बराच वेळ नुसता ऐकत होता. मग, "बरं. येतो आम्ही दहापर्यंत."

फोन ठेवून तिथेच उभा राहिला, स्कूटरच्या सीटवर हात ठेवून. किती वेळ ते सांगता येत नाही. मी दाराच्या आत होतो, ओला टॉवेल खांद्यावर. सु.ने पाहिलं, मी पाहिलं. मग त्याने फडकं घेतलं आणि स्कूटर पुसली, आरसेसुद्धा.

आत आला. मोबाईल टेबलावर ठेवला. "कदमकाका घरी आहेत. तयार व्हा, निघू."
आवाज साधा. रागाचा नाही, कशाचाच नाही.

काय म्हणाले ते, असं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. दोन ओळी लिहून येतो म्हणून इथे बसलोय. सु. दारात उभी आहे. तो समोर आहे, माझ्याकडे बघतोय. लिहीपर्यंत थांबलाय. घरात हेल्मेट एकच आहे, ते त्याने वहीशेजारी माझ्यापुढे ठेवलंय.